शाळेस इमारत नाही

(साल १९७४, माघ महिना. उंब्रजपासून दोन कोसांवर, तारळी नदीच्या पलीकडची एक वाडी. सकाळची वेळ, शालूबाईंचं अंगण.)

नानासो : किल्ली द्या वैनी, येळ न्हाई. अकराला जीप यायची हाय.

शालूबाई : निघालेच हुते उघडाया. काल सांजच्यालाच खोली सारवून ठिवलीया. पावणं यायचं म्हटल्यावर पोरं नीट बसाय नगोत व्हय?

नानासो : पोरं बसल्यात. चिंचंखाली. गुरुजींना मीच सांगितलं तसं.

शालूबाई : का? खोलीला काय झालं?

नानासो : खोलीत कडबा भरायचाय. गाडी दारात उभी करून आलोय.

शालूबाई : कडबा? साळंत?

नानासो : आजच्या दिस. पावणं गेलं की मी सोता काढतो. कुणी इचारलंच तर सांगायचं, सरपंचाचं गोदाम हाय.

शालूबाई : भावजी, सकाळी सकाळी काय बोलताय तुमी? त्या खोलीसाठी आमी बायांनी डोक्याचं क्यास झिजवलं. तुमी सोता तिथं नारळ फोडलासा.

नानासो : फोडला. ध्यानात हाय माझ्या. आता ऐका, खाली बसा जरा. इश्रामबागंत एक संस्था हाय, सांगलीला. परदेशातनं मदत येती त्यांच्याकडं. चार खोल्या बांधून देणार, सातवीपतुरची साळा. पर त्यांचा नेम हाय. जिथं साळंला इमारत न्हाई, तिथंच मदत. कळलं?

शालूबाई : आपल्याला हाय की इमारत.

नानासो : म्हणून तर कडबा.

शालूबाई : मग अर्जात काय लिवलंय?

नानासो : अर्जात लिवलंय, "शाळेस इमारत नाही, मुले झाडाखाली बसतात."

शालूबाई : खाली सही कुणाची?

नानासो : माझी. गुरुजींची.

शालूबाई : आन्?

नानासो : पंचायतीतल्या बाई मेंबरचा बी लागतो त्यांना.

शालूबाई : म्हंजी माझा अंगठा.

नानासो : तुमचा अंगठा.

शालूबाई : आखाडात मी लावणीला वाकले हुते. बांधावर येऊन म्हणालासा, सातवीपतुरची साळा मागायचा कागद हाय. चिखलाचा हात लुगड्याला पुसला न् दिला अंगठा. वाचून दावला न्हाईसा.

नानासो : वाचून दावला असता तर दिला असतासा?

शालूबाई : न्हाई.

नानासो : म्हणूनच न्हाई दावला.

शालूबाई : माझ्याच अंगठ्यानं माझी खोली पाडलीसा, भावजी.

नानासो : पाडली न्हाई, झाकली. वैनी, मी चवदा वर्सं फौजेत काढल्यात. मोर्चा झाकायचा कवा न् दावायचा कवा, हे आमाला पयल्यांदा शिकवत्यात. साताऱ्याला झेडपीच्या हापिसात मी चार खेपा घातल्या. दर खेपंला एकच इचारत्यात, "गावात खोली आहे का?" मी म्हणायचो, हाय, आमच्या बायांनी बांधलीया. छाती फुगवून सांगायचो! तर साहेब म्हणायचा, "मग तुमचं बरं आहे की. ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांचं आधी बघू." चारी येळा ह्येच. पलीकडच्या वाडीनं कुदळ उचलली न्हाई, त्यांना दोन खोल्या. आमी दुष्काळात दगूड वाह्यलं, आमाला शाबासकी. शाबासकीवर पाचवी भरती का?

शालूबाई : ते खरं हाय तुमचं.

नानासो : पाचवीला उंब्रज. मधी तारळी. पावसाळ्याचं चार म्हयनं पोरी पाठवणार कोण? तुमची शालन चौथीत पयली आली हुती. कुठं हाय ती आता?

शालूबाई : रानात भांगलणीला गेलीया, तण काढाय.

नानासो : दोन वर्सं झाली, भांगलतीया. मोरल्या साली सोयरीक येईल, मग तिकडं भांगलंल. मी हे माझ्यासाठी करत न्हाई. एक दिस कडबा भरायचा. एका दिसात सातवी पदरात पडती. दादा सुट्टीवर आला की त्योबी ह्येच सांगंल.

शालूबाई : त्यास्नी मधी आणू नगा. ते तिकडं जम्मूला पलटणीत. हितलं मलाच निस्तराय लागतं.

नानासो : मग निस्तरा. द्या किल्ली.

शालूबाई : मी खोटं बोलणार न्हाई.

नानासो : बोलू नगा. गप ऱ्हावा. बोलायचं काम माझं.

शालूबाई : गप ऱ्हाईन. शालनसाठी गप ऱ्हाईन. घ्या. कडबा हळू टाका, भित्तीचा गिलावा ताजा हाय.

(दुपार व्हायला आलीय. चिंचेखाली पोरं पाढे म्हणताहेत. गोरा साहेब त्यांचे फोटो काढतोय. संस्थेच्या गुणमाला मगदूम हातात अर्ज घेऊन पारावर बसल्यात.)

गुणमाला : तुम्ही पंचायतीच्या सभासद ना? बसा अशा, माझ्याजवळ. मी गुणमाला. विश्रामबागच्या कचेरीत असते, मूळची मिरजेची.

नानासो : ह्या आमच्या वैनी, मॅडम. साध्या हायती. बोलायची सवय न्हाई त्यांना. तुमी मला इचारा.

गुणमाला : तुमचं सगळं ऐकलं, सरपंच. आता यांचं ऐकायचंय. शालूबाई, मुली किती आहेत शाळेत?

शालूबाई : एकोणीस. पोरं सव्वीस.

गुणमाला : आणि चौथीनंतर?

शालूबाई : चौथीनंतर पोरं जात्यात उंब्रजला. पोरी घरी.

गुणमाला : एकही जात नाही?

शालूबाई : आजपतुर न्हाई गेली.

गुणमाला : हं. तेच या अर्जात आहे, म्हणून मला तुमच्याशी बोलायचं होतं. बाईमाणसाकडून कळावं म्हणून.

नानासो : मॅडम, जेवणाची येळ झाली. पावण्यांना उन्हाचं...

गुणमाला : दोन मिनिटं. शालूबाई, यात सातवा प्रश्न आहे, गावानं स्वतः काय केलं. तिथं लिहिलंय, "ग्रामस्थ अशिक्षित असून त्यांना शिक्षणाची आस्था नाही, विशेषतः स्त्रियांना. आजवर गावाने शाळेसाठी काहीही केलेले नाही." असं का वाटतं तुम्हाला? बायकांना मुली शिकाव्यात असं का वाटत नाही?

शालूबाई : परत वाचा.

गुणमाला : "ग्रामस्थ अशिक्षित असून..."

शालूबाई : त्याच्या म्होरलं.

गुणमाला : "शिक्षणाची आस्था नाही, विशेषतः स्त्रियांना."

शालूबाई : इशेषता म्हंजी?

गुणमाला : म्हणजे... जास्त करून बायकांना.

शालूबाई : हे माझ्या अंगठ्याच्या वर लिवलंय?

गुणमाला : हो. हा बघा तुमचा अंगठा. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

शालूबाई : भावजी, हेबी तुमीच लिवायला लावलंसा?

नानासो : वैनी, फारमात जागा हुती. कायतरी भरायलाच लागतंय. गाव जेवढं मागं दिसंल तेवढं...

शालूबाई : उठा बाई. चला माझ्यासंगं.

नानासो : वैनी! शब्द दिलासा मला.

शालूबाई : गप ऱ्हायचा दिलावता. तुमी माझ्या नावानं आधीच बोलून ठिवलंसा. आता मी कशी गप ऱ्हाऊ?

गुणमाला : कुठं जायचंय? काय चाललंय हे, सरपंच?

शालूबाई : लांब न्हाई. ह्या पाराच्या मागंच. ती दगडाची खोली दिसतीया न्हवं?

गुणमाला : ते तर यांचं गोदाम आहे. मघाशी म्हणाले.

शालूबाई : या. वाकून या, दार ठेंगणं झालंय. बांधताना आमी बायाच हुतो, आमच्या उंचीचं झालं. थांबा, कडबा वडते बाजूला. भिताडाकडं बघा. फळा दिसला?

गुणमाला : हा फळाच आहे. यावर आजची तारीख नाही, कालची आहे. शाळा इथं भरते?

शालूबाई : दोन वर्सं हितंच भरती. दुष्काळात आमी सडकंच्या कामावर खडी फोडाय जात हुतो. तिकडनं माघारी येताना एकेकीनं एकेक दगूड डोक्यावर घ्यायचा, असं ठरवलं. दिसभर दगडच फोडल्यालं, परत दगडच डोक्यावर. बनुबाईला आठवा म्हयना हुता, आमी नगं म्हटलं तर ती लहानगा धोंडा पदरात घालून आणायची. दारावरचा हा आडवा दगूड अकरा जणींनी ओढत आणला, एक आख्खा दिस गेला. लीलाबाईचं बोट गेलं त्यात, तुटलं. गडी माणसं निम्मी फौजेत, निम्मी बाहेरगावी. पत्रं तेवढं ह्यांनी आणलं, भावजींनी. त्यांचं झाकत न्हाई मी. कऱ्हाडास्नं बैलगाडीत घालून आणलं, सोता चालत आलं.

गुणमाला : आणि इथं लिहिलंय, काही केलेलं नाही.

शालूबाई : तेवढं खोडा.

गुणमाला : बाई, तुम्हाला कल्पना आहे का? नुसतं एवढं खोडता येत नाही. इमारत आहे म्हटल्यावर अर्जच संपला. वर खोटी माहिती दिली, ते वेगळंच. मी आज परत गेले की हे लिहावं लागणार मला.

नानासो : मॅडम, चूक माझी. पोरांची काय चूक? लिवा काय ते माझ्या नावावर. गावावर काट मारू नगा.

गुणमाला : तुम्ही थांबा जरा! सकाळपासून मला पोरांच्या पुढ्यात उभं करून नाटक दाखवलंत. साहेबांनी फोटोसुद्धा काढले.

शालूबाई : एक इचारू? रागावू नगा.

गुणमाला : विचारा.

शालूबाई : हा नेम केला कुणी? नसंल तिथंच द्यायचं.

गुणमाला : वरून येतात नियम. परदेशातून. सगळ्यात गरजू गावाला आधी मिळावं म्हणून.

शालूबाई : मग आमी गप बसायला पायजे हुतं. दगूड नसतं वाह्यलं तर आज चार खोल्या मिळाल्या असत्या. असंच न्हवं?

गुणमाला : तसं नाही...

शालूबाई : मग कसं हाय?

गुणमाला : शालूबाई, मी नोकरी करते. नियम माझा नाही. खरं सांगते, तुम्ही म्हणता ते याआधी माझ्या मनात आलं नव्हतं. नसलेल्या गोष्टींचेच रकाने असतात आमच्या कागदात. असलेल्याचा एकच प्रश्न होता, सातवा. त्यातही...

शालूबाई : त्यातबी खोटं लिवलं. मग आता खरं लिवा. तुमाला लिवता येतं. मी सांगते, तुमी लिवा.

नानासो : वैनी, पुरे झालं. गाव बघतंय.

शालूबाई : बघू द्या. लिवा बाई. "आमच्या वाडीच्या बायांनी दुष्काळात दगूड वाहून एक खोली बांधली. खोली पक्की हाय. ती आमी लपवली, ते आमचं चुकलं. चार खोल्या बांधून दिऊ नगा. पत्रं न् वासं द्या. भित्ती आमी घालतो. आमाला पाचवी पायजे."

गुणमाला : "...आम्हाला पाचवी पाहिजे." झालं. आणखी?

शालूबाई : आणखी काय न्हाई. आता वाचून दावा सगळं. पयल्यापास्नं.

गुणमाला : वाचते. पण एक आधीच सांगते, मी हे अर्जाला जोडेन, वरही पाठवीन. काही होईलच असं समजू नका.

शालूबाई : न्हाई समजत. तुमी वाचा.

(वैशाख संपत आलाय. नानासोंची पडवी. जीप गेल्यापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.)

नानासो : या. इतक्या दिसांनी वाट सापडली.

शालूबाई : तुमच्या घरची वाट चुकंल का? तुमी बोलत न्हव्हता, मी येत न्हव्हते. टपाल आलंय म्हणं इश्रामबागंचं.

नानासो : आठ दिस झालं येऊन.

शालूबाई : मला सांगितलं न्हाईसा.

नानासो : काय सांगू? "आपला अर्ज नियमात बसत नाही." एका ओळीचं उत्तर. खाली त्या मॅडमनं सोताच्या हातानं लिवलंय. तुमचं म्हणणं इंग्रजीत करून साहेबाला पाठवलं, त्याचं उत्तर आल्यालं न्हाई म्हणं. घ्या, ठेवा तुमच्याकडं.

शालूबाई : बाईनं लिवलं तरी. एवढं तरी कोण लिवतंय.

नानासो : तेवढ्यावर पोट भरा आता. वैनी, एक सांगू का? त्या दिशी तुमी मला गावादेखत उताणा पाडलासा. गुरुजी आजूनबी माझ्याकडं बघत न्हाईत. माझं जाऊ द्या. पर सातवीपतुरची साळा गेली. तुमच्या शालनचीबी गेली. तिच्या तोंडाकडं बघताना काय वाटतं तुमाला?

शालूबाई : पयलं आठ दिस बघवत न्हव्हतं. ती काय बोलली न्हाई. पर भांगलणीला जाताना खोलीवरनं जायची ती वाट सोडली तिनं, वढ्याकडनं जायाची. मी रोज बघायची.

नानासो : आन् तरी तुमचं बरोबर?

शालूबाई : बरोबर का चूक मला म्हाईत न्हाई. मला एवढंच कळलं, की आमाला आस्था न्हाई हे ऐकून घिऊन मिळाल्याल्या खोलीत मी माझ्या पोरीला बसवू शकले नसते. आपल्याला काय येतं ते लपवून मागायचं, तर मोरल्या येळंलाबी तसंच मागाय लागंल. सारखं मोडकं दिसाय लागंल.

नानासो : बोलाय सोपं हाय.

शालूबाई : सोपं न्हाई. म्हणून कऱ्हाडला गेलते.

नानासो : कोण?

शालूबाई : आमी. अकरा जणी. उंब्रजपतुर चालत, तिथनं यष्टीनं.

नानासो : कवा? मला कसं कळलं न्हाई?

शालूबाई : गेल्या बाजाराच्या दिशी. तुमाला वाटलं, बाया बाजाराला गेल्या. शिक्षणाच्या साहेबाच्या हापिसात दुपारपतुर बसवून ठिवलं. शिपाई म्हणायचा, उद्या या. बनुबाई म्हणाली, उद्या आलो तर बावीस जणी यू.

नानासो : बनुबाई म्हणाली? ती तर मान वर करत न्हाई.

शालूबाई : केली त्या दिशी. तवा साहेबानं आत घेतलं. पयला सवाल तुमचाच. "गावात खोली आहे का?"

नानासो : काय सांगितलंसा?

शालूबाई : हाय म्हटलं. एक. दगडाची. कौलाची न्हाई, पत्र्याची. सकाळी चौथीपतुर भरती, दुपारी मोकळी असती. साहेब म्हणाला, "इमारत मागायला आला असाल तर उपयोग नाही." आमी म्हटलं, इमारत कोण मागतंय, मास्तर द्या. मग ते कागद काढून बघाय लागलं.

नानासो : मग?

शालूबाई : दुपारची पाचवी चालवाय मास्तर मिळंल. एका वर्सापुरता. पट पंधराचा पायजे. पंधरापेक्षा कमी झाला की बंद. साळा उघडायच्या आत नावं द्यायची हायत.

नानासो : एका वर्सापुरता. म्हंजी मोरल्या साली परत कऱ्हाड.

शालूबाई : परत कऱ्हाड.

नानासो : सातवी न्हाई. नुसती पाचवी.

शालूबाई : व्हय. चार खोल्या न्हाईत, सातवी न्हाई. तेवढं तुमचं बरोबर हाय.

नानासो : हं. हा कागद कसला?

शालूबाई : नावं हायत. शालननं लिवल्यात. दोन वर्सांनी हातात पेन धरला, अक्षार जरा वाकडं आलंय. वाचा की तुमी.

नानासो : शालन... बनुबाईची थोरली... लीलाबाईच्या दोघी... बिराप्पाच्या नाती बी? धनगरवाड्यावरनं येणार त्या?

शालूबाई : त्यांचा आजा सोडाय येणार हाय. मी सोता जाऊन आले तिकडं.

नानासो : पोरं पाच, पोरी नऊ. चवदाच हायत ही.

शालूबाई : चवदाच हायत.

नानासो : मग एक नाव कुठनं आणणार?

शालूबाई : म्हणून आले मी.

नानासो : माझ्याकडं?

शालूबाई : तुमची हौसा.

नानासो : न्हाई. तिचं न्हाई जमायचं.

शालूबाई : का?

नानासो : तेरा वर्सांची झाली. किणीच्या पावण्यांनी इचारणा केलीया. घरात तिची आई गुडघ्यानं बेजार.

शालूबाई : सोयरीक बघा की, कोण नगं म्हणतंय? बघूस्तवर पाचवी हुईल.

नानासो : वैनी, सरपंचाची पोर बारक्या पोरींत बसंल. लोक काय म्हणतील?

शालूबाई : माघात तुमी आमच्या समद्यांच्या पोरींसाठी सातवी मागत हुता. खोटं बोलून मागत हुता, पर मनापासनं मागत हुता. मला ठावं हाय ते. त्यात हौसा हुती का न्हव्हती? मी अंगठा मागत न्हाई. नाव मागतीया. न्हाई म्हणालासा तरी मी रागावणार न्हाई. धुंडीन दुसरीकडं.

नानासो : तिला इचारलंसा?

शालूबाई : न्हाई. तुमच्या आधी तिला कसं इचारीन? उगा आस लावायची न् मग तोडायची.

नानासो : दुपारची म्हणालासा. किती वाजता भरणार?

शालूबाई : बाराला. पाचला सुटणार.

नानासो : बाराला ती म्हशी पाण्यावर नेती.

शालूबाई : व्हय. बघते मी रोज.

नानासो : तीन म्हशी हायत. एक मारकी हाय. तिच्या आईला आवरत न्हाईत त्या.

शालूबाई : मग?

नानासो : ...मग काय. म्हशी मी नेतो.